फॉर्म कुणी भरला? अनुदान मिळालेल्या गटांचं ऑनलाइन मूल्यमापन : नाशिक जिल्ह्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण आमच्याच संस्थेतलं आहे. गटांची, गावांची आणि माणसांची नावं काढून टाकली आहेत. तालुके मात्र तेच ठेवले आहेत, कारण तिथला हंगाम आणि तिथले रस्ते डोळ्यासमोर नसतील तर आमचे निर्णय का चुकले आणि नंतर का सुधारले, हे कळणार नाही. मी तेव्हा प्रकल्पाची समन्वयक होते. यातल्या सगळ्यात मोठ्या चुकीत माझा वाटा आहे, तोही लिहिला आहे.

पार्श्वभूमी

संस्थेचं कार्यालय नाशिक शहरात, काम पश्चिम पट्ट्यात. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आणि दिंडोरी तालुक्याचा ननाशीकडचा भाग. वस्ती मुख्यतः कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजाची. शेती भात, नागली आणि वरईची, जवळजवळ सगळी पावसावरची. एका कंपनीच्या सीएसआर निधीतून (कंपनीने नफ्यातून समाजकामासाठी काढून ठेवायचा पैसा) इथल्या ३८ गटांना आणि छोट्या संस्थांना एकदाच द्यायचं अनुदान मिळालं होतं, प्रत्येकी ५० हजार ते २ लाख रुपये. त्यात २४ महिला बचत गट, ९ शेतकरी गट आणि गावातली वाचनालयं, अभ्यासिका अशा ५ संस्था होत्या. कुणी नागलीचं पीठ आणि पापड करायला यंत्र घेतलं, कुणी शेळ्या, कुणी बियाण्याच्या कोठ्या. अर्ज लिहायला मदत करणं, हप्ते वेळेवर पोचवणं, बिलं गोळा करणं आणि महिन्याचा अहवाल कंपनीला पाठवणं हे आमचं काम.

मूल्यमापनाची गरज कायद्यातून आली होती. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांवर सीएसआर खर्चाची जबाबदारी आली. जानेवारी २०२१ मध्ये त्याचे नियम बदलले. ज्या कंपनीचं सीएसआर दायित्व मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने १ कोटी किंवा त्यापुढच्या प्रत्येक प्रकल्पाचं परिणाम-मूल्यांकन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचं, आणि तेही प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर. आमची अनुदानं लहान असली तरी ती अनेक जिल्ह्यांत चाललेल्या एका मोठ्या कार्यक्रमाचा भाग होती, म्हणून ती या नियमात बसली.

'किमान एक वर्ष' हे शब्द मी तेव्हा वाचून पुढे गेले होते. गटाच्या बाजूने एक वर्ष म्हणजे अध्यक्ष बदललेली, सचिव लग्न होऊन सासरी गेलेली, दप्तर तिसऱ्याच घरी ठेवलेलं. ज्यांनी अर्जावर सही केली त्यातल्या निम्म्या बायका आता नुसत्या सदस्य होत्या.

अडचण कशी समोर आली

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मूल्यमापन करणाऱ्या संस्थेने ३८ ईमेल पाठवले. प्रत्येक गटाला स्वतःची वेगळी लिंक, ५४ प्रश्न, मुदत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. भाषा निवडायची सोय होती, इंग्रजी किंवा मराठी. मराठी आहे म्हटल्यावर आम्ही निर्धास्त झालो आणि तो फॉर्म शेवटपर्यंत कुणी वाचलाच नाही.

नऊ दिवसांनी ३८ पैकी ४ फॉर्म भरलेले होते.

पहिली अडचण ईमेलची. अनुदानाच्या अर्जात ईमेल सक्तीचा होता म्हणून बहुतेकांनी तो तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडे पाच मिनिटांत उघडून घेतला होता. पासवर्ड त्याच्या वहीत, वही कुठे ते त्यालाही ठाऊक नाही. तीन गटांनी तर आमच्या कार्यकर्त्याचाच ईमेल दिला होता. म्हणजे लिंक पोचल्या होत्या, पण कुणीही न उघडणाऱ्या पेट्यांत.

दुसरी ओटीपीची. फॉर्म उघडायला नोंदवलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागायचा. बाईच्या नावापुढे लिहिलेला नंबर बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा मुलाचा. एका गटाच्या अध्यक्षांचा मुलगा सातपूर औद्योगिक वसाहतीत कामाला, पाळीवर जाताना फोन गेटवर जमा करतो. ओटीपी त्या गेटवर वाजून संपायचा आणि आई सुरगाण्यात वाट बघत बसायची.

तिसरी अडचण हंगामाची. आमच्या डोळ्यासमोर असूनही आम्हाला ती दिसली नाही. दसरा ते दिवाळी या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडे भात कापणीला आलेला असतो, आणि दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाची गोडी छाटणी चालू असते. आमच्या गटांतल्या कितीतरी बायका तेव्हा छाटणीच्या टोळ्यांत बागांवर राहायला असतात. काम एकरी उक्तं. एकीने अर्धा दिवस फोन घेऊन बसायचं ठरवलं तर तिच्या वाटणीचं काम टोळीतल्या बाकीच्यांवर पडतं.

यातलं काहीही शोधण्याआधी मी एक गोष्ट केली. कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज संध्याकाळी सात वाजता 'आज किती झाले?' असं विचारायला लागले. तालुकावार तक्ता टाकायचा, ज्याचे शून्य त्याच्यापुढे शून्य. मला तो पाठपुरावा वाटत होता.

एका रात्रीत वाढलेला आकडा

बाराव्या दिवशी आकडा ४ वरून १५ वर गेला. मी ग्रुपवर अभिनंदन केलं. तेराव्या दिवशी मूल्यमापन संस्थेतून फोन आला. अकरा फॉर्म दोन रात्रींत, एकाच उपकरणावरून भरलेले आहेत, आणि 'तुमच्या शब्दांत सांगा' या प्रश्नाखाली चार ठिकाणी अक्षरशः एकच वाक्य आहे. हे काय आहे, असं त्यांनी शांतपणे विचारलं.

आमच्या पेठकडच्या कार्यकर्त्याने ते भरले होते. ओटीपी त्याने फोन करून मागून घेतले, बाकी माहिती स्वतःच्या डायरीतून टाकली. लपवण्याचा त्याचा काहीच हेतू नव्हता. मी विचारल्यावर तो म्हणाला, "ताई, त्यांचं काम मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. एकही आकडा खोटा टाकलेला नाही." डायरी काढून दाखवली. खरंच, आकडे बरोबर होते. कुठल्या गटाने किती किलो पीठ विकलं, कुणाची शेळी मेली, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. हा माणूस पावसाळ्यात दुचाकी चिखलात सोडून चालत गावं गाठतो. त्याच्यावर ओरडायला माझं तोंड उघडलं नाही, कारण रोज सातला आकडा मागणारी मीच होते.

पण ५४ पैकी पंधराएक प्रश्न मताचे होते. 'अनुदानाची रक्कम पुरेशी होती का?' 'अंमलबजावणी संस्थेचं सहकार्य कसं होतं?' 'काय वेगळं करायला हवं होतं?' त्या सगळ्यांची उत्तरं आमच्याच माणसाने दिली होती, म्हणजे आमच्या कामाला आम्हीच गुण दिले होते. सहकार्याला अकराच्या अकरा ठिकाणी पाचपैकी पाच.

कोणते पर्याय होते

आधी त्या अकरा फॉर्मचं काय करायचं, हा प्रश्न होता. आमच्या बैठकीत दोन मतं पडली. एक मत असं की आकडे खरे आहेत, तेव्हा 'गटांच्या संमतीने आमच्या कार्यकर्त्याने भरले' असं कळवून विषय मिटवावा. वाक्य तांत्रिकदृष्ट्या खोटंही ठरलं नसतं, गटांनी ओटीपी दिलेच होते. दुसरं मत, जे घडलं ते जसंच्या तसं लिहून फॉर्म रद्द करायला सांगावेत. त्यात भीती होती की जानेवारीत पुढच्या फेरीचे अर्ज निघणार आहेत, आणि कंपनीचा आमच्यावरचा विश्वास गेला तर फटका गटांना बसेल.

आम्ही दुसरं मत घेतलं. पत्रात कार्यकर्त्याचं नाव घातलं नाही. 'रोजच्या आकड्यांचा दबाव समन्वयकाकडून आला' असं लिहिलं आणि खाली मी सही केली. मूल्यमापन संस्थेने अकरा नवीन लिंक दिल्या. कंपनीकडून दोन दिवस काहीच उत्तर नव्हतं. ते दोन दिवस अवघड गेले.

मग पुढचा प्रश्न, आता भरून कसे घ्यायचे? सगळ्यांना नाशिकला बोलावून एखाद्या संगणक वर्गात एका दिवसात उरकावं, असं सुचवण्यात आलं. सुरगाणा नाशिकहून ९० किलोमीटरच्या आसपास, एसटीने आलेल्या बाईचा पूर्ण दिवस जातो, म्हणून तो पर्याय गळाला. दुसरी सूचना, फॉर्म सोडून मूल्यमापन संस्थेनेच सगळ्यांशी फोनवर बोलावं. त्यांच्याकडे मराठी बोलणारी माणसं मोजकी होती, शिवाय बाकीच्या जिल्ह्यांतले गट फॉर्मच भरत होते, मग तुलना कशी करणार? तिसरा पर्याय गावांच्या मध्यावर छोटी शिबिरं घ्यायची. ती घेतली, पण शिबिरात मदतीला बसायचं कुणी, यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला.

ज्या कार्यकर्त्याने गटाला अनुदान मिळवून दिलं, तोच शेजारी बसून 'आमचं सहकार्य कसं होतं' हे विचारणार असेल तर कोण काय लिहील? आमच्या भागात माणुसकी म्हणूनही कुणी समोरच्याच्या तोंडावर 'बरं नव्हतं' म्हणत नाही. तेव्हा तालुके बदलावेत असं ठरलं. पेठचा कार्यकर्ता त्र्यंबकला, त्र्यंबकचा सुरगाण्याला. सोबतीला नाशिकच्या समाजकार्य महाविद्यालयातल्या चार विद्यार्थ्यांना घेतलं. विद्यार्थी तटस्थ होते आणि मोबाइलवर हुशार होते. पण त्यांची शहरी मराठी आणि बायकांची कोकणा बोली यांची पहिल्या शिबिरात गाठच पडली नाही. दुसऱ्या शिबिरापासून त्यांच्या जोडीला शेजारच्या गावातली बारावी झालेली एखादी मुलगी घेतली, जी त्या गटाची सदस्य नाही आणि सदस्यांची नातेवाईकही नाही. ती विचारायची, विद्यार्थी फोनची अडचण सोडवायचा.

मुदत वाढवून मागायचं ठरलं ते सगळ्यात शेवटी. खरं तर ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं. छाटणी आणि भातकापणीचं कारण साध्या चार ओळींत लिहिलं, तर तीन आठवडे लगेच मिळाले. त्यांना हंगाम माहीतच नव्हता, आणि आम्हीही सांगितला नव्हता.

हरसूलची रंगीत तालीम

शिबिरं सुरू करण्याआधी हरसूलला एकाच गटाबरोबर फॉर्म भरून बघितला. मी मागे बसले होते, बोलायचं नाही असं ठरवून.

प्रश्न होता, 'कार्यक्रमाचा तुमच्या कुटुंबावर काय परिणाम झाला?' एका विद्यार्थिनीने वाचून दाखवला. साठीच्या पुढच्या एक बाई, गटाच्या जुन्या अध्यक्ष, पटकन म्हणाल्या, "परिणाम काही नाही झाला बाई, देवाच्या दयेने सगळं बरं झालं." आणि विद्यार्थ्याने 'परिणाम झाला नाही' या पर्यायावर बोट ठेवलं.

मी जागेवरच ताठ झाले. बोलीत 'परिणाम' म्हणजे वाईट परिणाम. औषधाचा परिणाम होतो, 'याचे परिणाम भोगावे लागतील' असं म्हणतात. अहवालात तो शब्द चांगला, गावात अशुभ. या बाईंनी शेळ्या विकून नातीची अकरावीची फी भरली होती, आणि कंपनीच्या तक्त्यात त्यांच्यापुढे 'शून्य परिणाम' पडणार होतं.

अशीच दुसरी अडचण समाधानाच्या १ ते ५ आकड्यांची. तीन जणींनी १ निवडला. का, तर शाळेत पहिला नंबर सगळ्यात वरचा. पडद्यावर '५ म्हणजे पूर्ण समाधानी' असं बारीक अक्षरांत होतं, पण ते मोबाइलवर सरकवल्याशिवाय दिसत नव्हतं.

आणि 'तुमच्या शब्दांत सांगा' या प्रश्नाला ५०० अक्षरांची मर्यादा होती. संगणक मराठीत काना, मात्रा, वेलांटी, पायमोडका असं सगळं सुटं मोजतो. 'क्षेत्र' हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा, मोजणीत सात. माणूस रंगात येऊन सांगायला लागला की सत्तरेक शब्दांत फॉर्म त्याला गप्प करायचा. त्यातच अर्धा तास काही न करता गेला की पान बंद आणि सगळं पुसलं जायचं. गटाच्या चर्चेत अर्धा तास सहज जातो.

आता माझ्यापुढे खरा पेच होता. 'परिणाम'चा अर्थ समजावून सांगितला की उत्तर बदलणार, आणि ते आमच्या सोयीच्या बाजूनेच बदलणार. अकरा फॉर्मचं प्रकरण ताजं होतं. दुसरीकडे, गप्प बसले तर चुकीचं उत्तर जाणार हे मला माहीत होतं. त्या दिवशी फॉर्म पाठवलाच नाही, अर्ध्यावर थांबवला.

काय केलं

गोंधळ उडवणाऱ्या १४ शब्दांची यादी केली, प्रत्येकापुढे बोलीतलं एक वाक्य लिहिलं आणि मूल्यमापन संस्थेला पाठवलं. तुम्ही मंजूर कराल तेच वाचू, त्याबाहेर एक शब्द बोलणार नाही, असं कळवलं. 'परिणाम झाला का' ऐवजी 'काही फरक पडला का, चांगला किंवा वाईट'. त्यांनी ११ मंजूर केली, तीन परत पाठवली. परत आलेल्यांपैकी एक वाचून मला वाईट वाटलं, कारण त्यांचं बरोबर होतं. 'अंमलबजावणी संस्थेचं सहकार्य' याचा खुलासा आम्ही असा केला होता : 'म्हणजे कार्यकर्ते दर महिन्याला गावात आले, कागदपत्रं करून दिली, ते'. त्यावर त्यांचं म्हणणं, हा खुलासा उपकारांची आठवण करून देतो. आम्हाला लिहिताना ते जाणवलंही नव्हतं. त्याजागी त्यांनी संस्थेचं नाव आणि 'त्यांचं वागणं-काम कसं वाटलं' एवढंच ठेवलं.

मंजूर झालेले खुलासे आणि सगळे प्रश्न एका स्थानिक शिक्षिकेच्या आवाजात रेकॉर्ड केले. वाचता न येणाऱ्या बाईला आता कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं, ती प्रश्न हवा तितक्या वेळा पुन्हा ऐकू शकायची. आकड्यांच्या प्रश्नाला उपाय करंजाळीच्या शिबिरात एका शेतकऱ्यानेच काढला. "म्हणजे पैसेवारी सांगायची ना? चार आणे, आठ आणे." तलाठी पिकाची पैसेवारी काढतो, पन्नास पैशांच्या खाली आली की टंचाईची चर्चा सुरू होते, हे गावात पोरालाही माहीत आहे. मूल्यमापन संस्थेला विचारलं, तर त्यांनी आण्यांना नकार दिला, कारण चार-चार आण्यांनी मोजलं तर रुपयात चारच पायऱ्या होतात, पाच नाहीत. पण 'मोठा आकडा म्हणजे जास्त चांगलं' एवढं ऑडिओच्या सुरुवातीला घालायला होकार दिला. ते पुरलं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कागदाचा. प्रश्न मोठ्या टाइपात छापून गटाच्या मासिक बैठकीआधी पोचवले. बायकांनी आधी आपसात बोलून घेतलं, दप्तरं उघडली, जुन्या सचिवाला माहेरी आली तेव्हा विचारलं. आकड्यांची उत्तरं कागदावर लिहून तयार. मग फोनवर भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची, पान बंद पडायची भीती राहिली नाही. मताचे पंधरा प्रश्न मात्र कागदावर उत्तर न लिहिता थेट फोनवर, फोन त्यांच्या हातात, मदतनीस समोरच्या बाजूला बसलेला, पडदा न दिसेल असा. पाठवण्याचं बटण त्यांनीच दाबायचं.

शिबिरं हरसूल, करंजाळी आणि उंबरठाणला झाली. चौथं वणीला, संध्याकाळी सहानंतर, बागांवर कामाला असलेल्या बायकांसाठी. तिथे मुकादमाशी आधी बोलावं लागलं. प्रवासखर्च आम्ही दिला. बुडालेल्या वेळेची मजुरी द्यावी का, यावर वाद झाला आणि दिली नाही. उत्तरासाठी पैसे दिल्यासारखं दिसेल, असं कारण तेव्हा पटलं होतं. आज मला ते पटत नाही. मूल्यमापन करणाऱ्याला त्याच्या दिवसाचे पैसे मिळतात, आम्हाला मिळतात. त्या संध्याकाळी सगळ्यांत दमलेल्या होत्या त्या बायका, आणि त्यांचाच वेळ फुकट गेला.

ओटीपीसाठी १७ गटांचे नंबर बदलून घेतले. हे एका ईमेलने झालं, पण नवीन नंबर बाईचा स्वतःचा आहे ना, हे तपासायला आठवडा गेला. एका ठिकाणी बाईकडे फोनच नव्हता, तिने सुनेचा दिला. आम्ही तो चालवून घेतला.

काय निष्पन्न झालं

वाढीव मुदतीअखेर ३८ पैकी ३१ फॉर्म ऑनलाइन आले. पाच जणांशी मूल्यमापन संस्थेच्या मराठी बोलणाऱ्या कर्मचाऱ्याने फोनवर बोलून घेतलं, त्या वेळी आमचं कुणी खोलीत नव्हतं. दोन गट राहिले. एक फुटला होता, दुसऱ्याने स्पष्ट नकार दिला, आणि नकाराचं कारण विचारत बसायचं नाही असं आम्ही ठरवलं.

आधीच्या चार फॉर्मचं काय झालं, हा खडा अजून टोचतो. ते शब्दांचा खुलासा नसताना भरलेले होते. दोघांनी 'परिणाम झाला नाही' लिहिलं होतं. आम्ही ही शंका कळवली. मूल्यमापन संस्थेने ते तसेच ठेवले, फक्त पुढे टीप टाकली. पुन्हा भरायला लावलं असतं तर 'मनासारखं येईपर्यंत विचारलं' असा अर्थ निघाला असता, हे त्यांचं म्हणणं मला मान्य करावं लागलं.

पेठच्या अकरा गटांनी स्वतः भरलेले फॉर्म आणि कार्यकर्त्याने भरलेले फॉर्म यांची तुलना मूल्यमापन संस्थेने आम्हाला दाखवली. विक्री, शेळ्या, खर्च हे आकडे जवळपास जुळले. त्याची डायरी खरी होती, हे त्यालाही ऐकवलं. फरक मतांत होता. ज्या दहा गटांनी पीठ-पापडाची यंत्रं घेतली होती, त्यातल्या सहांनी लिहिलं की यंत्र बहुतेक दिवस झाकून ठेवलेलं असतं. यंत्राला थ्री फेज जोडणी लागते, ती मिळालेली नाही किंवा मिळाली तर वीज अवेळी असते. एकीने लिहिलं, 'यंत्र आलं तेव्हा फोटो काढला, मग कुणी विचारलं नाही.'

आमच्या बारा महिन्यांच्या अहवालांत हे कुठेच नव्हतं. 'यंत्र खरेदी : पूर्ण' असा रकाना होता आणि तो आम्ही प्रामाणिकपणे भरत आलो होतो. कार्यकर्त्याला माहीत होतं का? होतं. तो म्हणाला, "रकानाच नव्हता ताई." त्याने रात्री बसून भरलेल्या अकरा फॉर्ममध्येही तो विजेबद्दल काही लिहू शकला नव्हता, कारण लिहिलं असतं तर ते आमच्याविरुद्ध गेलं असतं, असं त्याला वाटलं. तो आता आमच्याबरोबरच आहे. बरेच दिवस मात्र ग्रुपवर एकही शब्द लिहीत नव्हता.

कंपनीने पुढच्या फेरीच्या अंदाजपत्रकात वीज जोडणीचा खर्च मान्य केला. जुन्या सहापैकी दोन गटांना त्यातून जोडणी मिळाली, चार अजून थांबलेत. एका गटात मात्र भांडण लागलं. सदस्यांनी खासगीत अध्यक्षांच्या कारभारावर लिहिलं होतं आणि 'आपल्यातलं कुणीतरी वर लिहिलंय' एवढं बाहेर फुटलं. कुणी काय लिहिलं ते फुटलं नाही, तरी संशय पुरतो. फॉर्म खासगी असला तरी एका गटाची एकच लिंक असल्यावर नेमक्या कोणत्या दोन-तीन बायका फोनजवळ होत्या, हे गावाला माहीत असतंच. याचा विचार आम्ही केला नव्हता.

आता काय वेगळं करतो

अनुदानाच्या करारातच आता लिहिलेलं असतं की काम संपल्यावर वर्षाने तुम्हाला प्रश्न विचारले जातील, ते कोण विचारेल, आणि उत्तराचा पुढच्या अनुदानाशी संबंध नाही. हे शेवटचं वाक्य कंपनीकडून लेखी घ्यायला चार महिने लागले. संपर्कासाठी दोन सदस्यांचे स्वतःचे नंबर घेतो, ईमेलची सक्ती काढून टाकायला लावली. फॉर्म पाठवण्याआधी त्याचा मराठी मसुदा एका गटाबरोबर वाचून बघायचा, हेही आता कंपनी मान्य करते. तारखा ठरवताना आम्ही भात, नागली आणि छाटणीचं वेळापत्रक सोबत जोडतो.

रोज आकडा विचारणं बंद केलं. त्याऐवजी आठवड्यातून एकदा 'कुठे अडलं?' एवढंच विचारते. उत्तरं लांब येतात, वाचायला वेळ लागतो.

एक गोष्ट राहिली आहे. उंबरठाणच्या शिबिरात निघताना एका बाईंनी विचारलं होतं, "हे वर जाऊन काय झालं, ते आम्हाला कधी कळणार?" अहवाल आला, ८० पानांचा, इंग्रजीत. मराठी सारांश मागणारी दोन पत्रं मी कंपनीला पाठवली आहेत, उत्तर आलेलं नाही. म्हणून आमच्या कार्यालयात आम्हीच तो उतरवतो आहोत, विजेच्या जोडणीच्या पानापासून सुरुवात केली आहे. पेठचा कार्यकर्ता त्याच्या डायरीतले जुने आकडे शेजारी लावून देतो. तयार झालेली पहिली सहा पानं पुढच्या महिन्यातल्या गटाच्या बैठकीत वाचायची आहेत, आणि त्या बाईंना तसा निरोप गेला आहे.